या फिल्म्स मोठ्यांसाठीच आहेत, ताई

पत्र:

"माझं वय पंचेचाळीस. मुलगी लहान होती तेव्हा आम्ही दोघी मिळून त्या गाण्यांच्या, जादूच्या फिल्म्स बघायचो. छत्री धरून आकाशातून उतरणारी नॅनी, चॉकलेटची फॅक्टरी, उडणारी गाडी, वादळात उडून गेलेलं घर. गाणी पाठ होती आमची. आता ती चौदाची आहे आणि तिला हे सगळं क्रिंज वाटतं. तिनं सोडलं पण माझं काही सुटलं नाही. सगळे झोपले की मी हेडफोन लावून बघत बसते. परवा नवरा अचानक उठून बाहेर आला तर मी रडत होते, आणि ते पण कुठे, तर नॅनीच्या फिल्ममध्ये बाप रात्री एकटाच बँकेकडे चालत जातो तिथे. तो घाबरला, काय झालं काय झालं करायला लागला आणि मला काही सांगताच येईना. नंतर म्हणाला, या वयात लहान मुलांच्या फिल्म्स बघून रडतेस, काही टेन्शन आहे का? बहिणीला सांगितलं तर ती म्हणते तू रिअ‍ॅलिटीपासून पळतेयस. आता मलाच कळेना. माझं काही चुकतंय का? बंद करू का हे?
- हेडफोनवाली आई"

प्रिय हेडफोनवाली आई,

बंद नका करू. हे आधीच सांगून टाकते म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. तुमचं काहीही चुकत नाहीये. आणि तुम्ही नेमक्या ज्या जागी रडलात ना, ते वाचून मला एकदम तुमच्याबद्दल आपलेपणा वाटला, कारण त्या अख्ख्या फिल्ममधली सगळ्यात खोल जागा तीच आहे, आणि तिथे लहान मुलं रडत नाहीत हो, लहान मुलं तिथे चुळबुळ करतात, पाणी प्यायला उठतात, नाच परत कधी सुरू होणार म्हणून विचारतात. तिथे रडतात ती मोठी माणसं.

नवऱ्याला सांगता आलं नाही म्हणालात, तर मला त्या सीनमध्ये काय दिसतं ते सांगते, पटतंय का बघा.

'मेरी पॉपिन्स' १९६४ ची, गोष्ट घडते १९१० च्या लंडनमध्ये. त्यातला बाप, मिस्टर बँक्स, पहिल्यांदा घरात शिरतो तो गातच. माझं घर कसं टाइमटेबलवर चालतं, मी इथला राजा, संध्याकाळी घरी यायचं, आंघोळ घालून तयार ठेवलेल्या मुलांच्या डोक्यावर थोपटायचं आणि त्यांना झोपायला पाठवायचं. ट्यून कशी आहे आठवा, छाती पुढे काढून चालणारी. आणि तो हे गातोय तेव्हा मुलं घरात नाहीतच, ती हरवलीयत, बायको ते सांगायला बघतेय आणि याच्या कानापर्यंत काही पोचत नाहीये. मग पुढे बरंच काही होतं, बँकेत गोंधळ होतो, त्याची नोकरी जायची वेळ येते, रात्री बोलावणं येतं, आणि तो घरात बसून तीच ट्यून परत म्हणतो. तीच. पण आता हळू, अडखळत, गाणं कमी आणि बोलणं जास्त. शेजारी धुराडी साफ करणारा बर्ट बसलेला असतो, तो त्याला वाद न घालता, जाता जाता सांगावं तसं सांगतो की तुम्ही कामाला जुंपलेले राहा, तेवढ्यात मुलं मोठी होतील आणि उडून जातील, मग द्यायचं म्हटलं तरी द्यायला कोणी नसेल.

आणि मग तो चालत निघतो. काळोखातून, एकटा. तेव्हा मागे पाखरांना दाणे घालणाऱ्या म्हातारीच्या गाण्याची ट्यून वाजते, शब्द नाहीत, फक्त ऑर्केस्ट्रा. तो चर्चच्या पायऱ्यांपाशी थांबतो. सकाळी मुलं जिच्याकडे बघत होती आणि यानं त्यांना घाईघाईनं पुढे नेलं होतं ती म्हातारी आता तिथे नाहीये.

चौदा वर्षांची मुलगी असलेल्या आईला इथे रडू येणार नाही तर कुठे येणार सांगा बरं.

मुलांना त्या फिल्ममध्ये नॅनी दिसते, तुम्हाला बाप दिसला. फिल्म बनवणाऱ्यांनी ते मुद्दाम तसंच रचलंय. मूळ पुस्तक पी. एल. ट्रॅव्हर्स या लेखिकेचं, १९३४ चं, त्यात केंद्र आहे नॅनी आणि तिच्यासोबत घडणाऱ्या एकेक गोष्टी. वॉल्ट डिस्नी जवळजवळ वीस वर्षं तिच्या मागे लागला होता हक्कांसाठी, आणि शेवटी फिल्म केली तेव्हा गोष्टीला कणा दिला तो बापाचा. म्हणजे सुधारायचं मुलांनी नाही, बापानं. आईला बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी मोर्चे काढणारी केलं, ते पण पुस्तकात नव्हतं. म्हणजे लहान मुलांच्या पुस्तकाची फिल्म करताना त्यांनी त्यात मोठ्यांची भर घातली, आणि तुमच्या नवऱ्याला वाटतंय ही लहान मुलांची फिल्म आहे! त्याचा दोष नाही, पोस्टरवर तसंच दिसतं.

आता बहिणीचं बोलणं, रिअ‍ॅलिटीपासून पळतेस वालं. हे वाक्य मी या फिल्म्सबद्दल इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी मला वाटतं की म्हणणाऱ्यानं ही गाणी कोणी लिहिली हे एकदा बघावं. 'मेरी पॉपिन्स'ची गाणी रिचर्ड आणि रॉबर्ट शर्मन या दोन भावांची. त्यातला रॉबर्ट दुसऱ्या महायुद्धात सैनिक होता, गुडघ्यात गोळी लागली, पुढे काठी घेऊन चालायचा, आणि डाखाऊची नाझी छळछावणी त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. साखरेच्या चमच्याबरोबर औषध पटकन जातं हे गाणं त्या माणसाच्या घरातून आलंय, त्याच्या मुलाला शाळेत पोलिओची लस साखरेच्या तुकड्यावर घालून दिली होती त्यावरून सुचलेलं. मला हे कळल्यापासून ते गाणं गोडगोड वाटत नाही. औषध कडू आहे हे ते गाणं कुठेच नाकारत नाही ना. डिस्नीला स्वतःला मात्र सगळ्यात आवडायचं ते पाखरांचं गाणं, शुक्रवारी काम संपत आलं की तो या भावांना बोलावून तेच वाजवायला सांगायचा. म्हणजे इतक्या मोठ्या स्टुडिओचा मालक पण तुमच्याच सारखा त्याच गाण्यापाशी येऊन बसायचा.

दुसरं उदाहरण तर याहून मोठं. 'द विझर्ड ऑफ ऑझ', १९३९, तुमचं ते वादळात उडालेलं घर. त्यातली गाणी लिहिणारा यिप हारबर्ग. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतला मुलगा, पुढे विजेच्या उपकरणांचा धंदा केला, १९२९ ला शेअर बाजार कोसळला त्यात तो बुडाला, डोक्यावर कर्ज, आणि मग गाणी लिहायला लागला. १९३२ मध्ये त्यानं एक गाणं लिहिलं, 'ब्रदर, कॅन यू स्पेअर अ डाइम', त्यात रेल्वे बांधलेला, टॉवर बांधलेला, युद्धात लढलेला माणूस आता रांगेत उभा राहून एक नाणं मागतोय. आणि सात वर्षांनी त्याच माणसानं इंद्रधनुष्यापलीकडच्या जागेचं गाणं लिहिलं. ट्यून हॅरॉल्ड आर्लेनची. आता हा माणूस रिअ‍ॅलिटीपासून पळत होता असं म्हणायचं का? रिअ‍ॅलिटी त्याला तुमच्या माझ्यापेक्षा चांगली माहीत होती.

आणि ते गाणं कुठे येतं बघा. जादूच्या देशात नाही येत. कॅन्ससच्या शेतावर येतं, जिथे सगळं करड्या तपकिरी रंगात आहे, पोरीचं कोणी ऐकत नाहीये, कुत्र्याला नेऊन मारतील अशी भीती आहे, आणि काकू म्हणते की जरा जिथे तू कुठल्या भानगडीत सापडणार नाहीस अशी जागा शोध. त्यावर ती गाते. म्हणजे गाणं येतं ते अडचणीच्या ऐन मध्यभागी उभं राहून. आधीच्या ट्रायल शोनंतर ते कापायचं चाललं होतं, फिल्म तिथे मंद होते म्हणून, कसंबसं वाचलं आणि त्याला ऑस्कर मिळालं. ते कापलं असतं तर पुढचा सगळा रंग नुसता देखावा झाला असता असं माझं ठाम मत आहे, कारण त्या मुलीला काय हवंय हेच आपल्याला कळलं नसतं, मग ती रंगात शिरली काय आणि न शिरली काय.

भीती पण असते या फिल्म्समध्ये, भरपूर. चॉकलेट फॅक्टरीच्या गोष्टीतला मुलगा उपाशी राहतो, त्याचे चारही आजी-आजोबा एकाच पलंगावर. उडणाऱ्या गाडीच्या फिल्ममध्ये, 'चिटी चिटी बँग बँग', १९६८, तो मुलं पकडून नेणारा माणूस आहे ना, लांब नाकाचा, गोळ्या-चॉकलेटचं आमिष दाखवणारा, तो इयन फ्लेमिंगच्या मूळ पुस्तकात नाहीच. फिल्मसाठी घातलाय. चॉकलेट फॅक्टरीचं मूळ पुस्तक लिहिणारा रोआल्ड डाल त्या पटकथेवर होता. म्हणजे पुस्तकात नव्हती एवढी भीती फिल्मवाल्यांनी वरून आणून घातली. गोड करून विकायचंच असतं तर कशाला केलं असतं?

तर बहिणीला एवढंच सांगा की मी पळत नाहीये. रडणारी बाई पळत नसते, ती थांबलेली असते.

आता थोडं गाण्यांबद्दल, कारण मला वाटतं तुमचं जे सुटत नाहीये ते मुख्यतः गाणी आहेत. साध्या फिल्ममध्ये माणूस अचानक रस्त्यात गायला लागला आणि कुठून तरी ऑर्केस्ट्रा वाजायला लागला तर तीच एक अशक्य गोष्ट झाली. आपण ती मान्य केली की पुढे गाडी उडाली, माणूस हसता हसता छताला टेकला, हे सगळं आपोआप मान्य होतं, त्यासाठी वेगळं पटवावं लागत नाही. म्हणून परीकथा आणि गाणी यांचं इतकं जमतं. आणि दुसरं म्हणजे या फिल्म्समधली माणसं गाताना ओशाळत नाहीत. कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारत नाहीत की आम्हाला पण माहितीये हे वेडगळ आहे. पूर्ण चेहऱ्यानं, पूर्ण आवाजात गातात. मोठेपणी आपल्याला असं कुठे मिळतं हो? ऑफिसात, घरात, सगळीकडे आपण जे वाटतं ते निम्मं करून बोलतो, वर हसून टाकतो. दोन तास कोणीतरी काही न लपवता मला हे हवंय, मला याची भीती वाटते, मला तू आवडतोस असं गाऊन सांगतंय हे ऐकायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि त्याची भूक वयानं कमी होत नाही, उलट वाढते.

चॉकलेट फॅक्टरीचा मालक वोंका झालेल्या जीन वाइल्डरचं बघा ना. १९७१ च्या 'विली वोंका अँड द चॉकलेट फॅक्टरी'साठी त्यानं अट घातली होती की माझी एंट्री अशी हवी, मी काठी टेकत लंगडत येणार, गर्दी गप्प होणार, मग काठी दगडांत रुतून बसेल, मी पुढे पडायला लागेन आणि पडता पडता कोलांटी मारून ताठ उभा राहीन, म्हणजे तिथून पुढे हा माणूस खरं बोलतोय की खोटं हे कोणालाच कळणार नाही. केवढा विचार केलाय एका मुलांच्या फिल्ममधल्या एंट्रीचा! आणि मुलांना चॉकलेटची ती मोठी खोली शूटिंगच्या आधी दाखवलीच नव्हती, पहिल्यांदा दार उघडतं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बरंचसं खरंच आहे. डालला स्वतःला ही फिल्म आवडली नाही, थिएटरात पण बेताचीच चालली, नंतर टीव्हीवर आणि व्हिडिओवर बघून बघून लोकांनी ती आपली केली. 'ऑझ'चं पण असंच, पहिल्या रिलीजला नफा झाला नाही, १९५६ ला टीव्हीवर आली आणि मग घराघरात पोचली. म्हणजे या फिल्म्स परत परत बघण्यासाठीच असतात म्हणायला हरकत नाही, पहिल्यांदा बघताना त्या जेवढ्या असतात त्यापेक्षा पाचव्यांदा जास्त असतात. तुम्ही परत परत बघता त्यात काही अजब नाही.

'ऑझ'मधलं ते वादळ म्हणजे एक लांबच लांब कापडाचा मोजा होता, सुमारे पस्तीस फूट, तो गरगर फिरवला होता. मला हे माहीत असूनही दर वेळी भीती वाटते. कदाचित माहीत आहे म्हणूनच जास्त, कारण समोर कोणाचे तरी हात दिसतात.

सगळ्याच चांगल्या असतात असं मात्र नाही. १९६७ ची प्राण्यांशी बोलणाऱ्या डॉक्टरची फिल्म बघा, 'डॉक्टर डुलिटल', केवढा पैसा ओतला, गाण्याला ऑस्कर पण मिळालं, आणि फिल्म मात्र आपटली. मला तिच्यात कोणाला काय हवंय तेच लागत नाही, नुसतं एकामागून एक दाखवत जातात. २०२३ ची 'वोंका' छान आहे, देखणी आहे, पण तिच्यात गोडवा जास्त आणि भीती कमी, त्यामुळे दुसऱ्यांदा बघावीशी वाटली नाही. उलट २०२२ ची 'मटिल्डा द म्युझिकल' बघितली नसेल तर नक्की बघा. टिम मिंचिनची गाणी आहेत, आणि त्यात एक गाणं आहे जिथे मुलं म्हणतात की आम्ही मोठे झालो ना की रोज उशिरापर्यंत जागू, रोज गोळ्या-चॉकलेट खाऊ, आणि मोठ्यांना रोज रात्री पलंगाखालच्या ज्या राक्षसांशी लढावं लागतं त्यांच्याशी लढण्याएवढे शूर होऊ. मुलं ते आनंदात गातात. ऐकणाऱ्या मोठ्या माणसाला माहीत असतं की आपण त्या राक्षसांना घाबरतोच अजून. रुमाल जवळ ठेवा.

आता मुलीबद्दल बोलते, कारण पत्रात तुम्ही फिल्म्सबद्दल विचारलंय पण मला वाटतं निम्मं पत्र तिच्याबद्दल आहे. या फिल्म्स तुमच्या दोघींच्या होत्या. तिनं सोडल्या आणि तुमच्याकडे दोघींचं सगळं एकटीकडे राहिलं. बँक्सच्या चालण्यावर रडताना तुम्ही त्याच्याबरोबर तिच्यासाठी पण रडत असाल, आणि ते अगदी बरोबर आहे, त्याला टेन्शन म्हणत नाहीत, मूल मोठं होताना आईला तसं होतं. त्या फिल्मचा शेवट आठवा, मुलं बापाबरोबर पतंग उडवायला धावत जातात आणि मेरी पॉपिन्सला निरोप द्यायला कोणी मागे वळून बघत नाही. छत्रीच्या मुठीवरचा पोपट तिच्या वतीनं चिडतो. ती चिडत नाही. तिला लागलेलं दिसतं, पण काम झालंय हे पण दिसतं. ज्युली अँड्र्यूजची ती पहिलीच फिल्म, आणि त्या काही सेकंदांत तिनं चेहऱ्यावर जे केलंय ना, ऑस्कर तिला त्यासाठीच मिळालं असं मी मानते.

चौदाव्या वर्षी क्रिंज म्हणणं हे तुमच्यावर रागावणं नाही, आठव्या वर्षीच्या स्वतःपासून लांब जायची तिची धडपड आहे, आणि ते लांब जाणं गरजेचं असतं. तेव्हा एक करा, तिला ऐकू जावं म्हणून हॉलमध्ये मुद्दाम जुनं गाणं लावू नका, तुला किती आवडायचं गं हे तर अजिबात म्हणू नका, त्यानं मुलं आणखी मिटतात. त्यापेक्षा तिला विचारा सध्या काय ऐकतेस, एक गाणं मला ऐकव. आणि ऐका नीट, शेवटपर्यंत, मत न देता. तिला तिच्या वयाचं एखादं गाणं असणारच ज्यात कोणीतरी तसंच पूर्ण आवाजात काहीतरी मागत असेल. 'मटिल्डा' तिला दाखवाविशी वाटली तर एकदाच सांगा, दुष्ट मुख्याध्यापिका आणि तिच्याविरुद्ध उठलेली अख्खी शाळा आहे एवढंच सांगा, आणि मग विषय सोडून द्या. आली तर आली. नाही आली तर तुम्ही तुमची बघा, ती दार अर्धं उघडून बघते की नाही याकडे लक्ष ठेवू नका.

नवऱ्याचं मला काळजीचं वाटलं नाही, उलट बरं वाटलं. तो हसला नाही, घाबरला. टेन्शन आहे का विचारलं म्हणजे जवळ यायला बघतोय, त्याला फक्त दार सापडत नाहीये. त्याला अख्खी फिल्म दाखवायला बसवू नका, ती दोन तास एकोणीस मिनिटांची आहे आणि मधल्या कार्टूनच्या भागात त्याला झोप लागेल. दोनच जागा दाखवा. बापाची पहिली एंट्री, आणि मग थेट रात्रीचं ते बसणं आणि चालणं. मध्ये बोलू नका, समजावू नका, त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका. ट्यून तीच आहे हे त्याचं त्यालाच लक्षात येऊ दे. त्याच्या पण घरात चौदा वर्षांची मुलगी आहे हो.

आणि हे रात्री लपून बघणं तेवढं बंद करा. फिल्म नाही, लपणं. लपवून केलेली गोष्ट हळूहळू आपल्यालाच चुकीची वाटायला लागते, आणि तुमच्या पत्रात ते झालेलं दिसतंय. शिवाय झोप मोडते. सुट्टीच्या दिवशी दुपारी, हॉलमध्ये, आवाज बाहेर ठेवून बघा. कोणी काय बघतेस विचारलं तर फिल्मचं नाव सांगा, कारण देत बसू नका.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. रडू फक्त फिल्ममध्ये येत असेल आणि संपल्यावर हलकं वाटत असेल तर काळजीचं काही नाही. पण दिवसा पण येत असेल, झोप उडाली असेल, ज्या गोष्टी आवडायच्या त्यात मन लागत नसेल आणि हे आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर डॉक्टरकडे जा किंवा समुपदेशकाशी बोला. त्यासाठी फिल्म बंद करावी लागत नाही, दोन्ही एकदम चालतं.

पुढची फिल्म म्हणून माझ्याकडून एक घ्या, तुमच्या यादीत दिसली नाही म्हणून सांगते. सत्यजित राय यांची 'गुपी गाइन बाघा बाइन', १९६९ ची. गोष्ट त्यांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोर रायचौधुरींची, आणि फिल्म केली ती मुलाच्या हट्टापायी, संदीपनं मागितली होती, मुलांसाठी काहीतरी करा म्हणून. गाणी, संगीत सगळं रायांचंच. बेसूर गाणारा एक आणि बेताल ढोल वाजवणारा एक, दोघांना गावातून हाकललेलं, जंगलात भुतांचा राजा भेटतो आणि तीन वर देतो. त्यातला भुतांचा नाच सहा-एक मिनिटं चालतो, शब्द नाहीत, नुसती तालवाद्यं, आणि भुतांमध्ये पण राजे, शेतकरी, गोरे साहेब असे वर्ग आहेत आणि शेवटी सगळे आपसात लढून पडतात. मूल ते बघून टाळ्या वाजवतं, आणि तुम्ही बघाल तेव्हा तुम्हाला अख्खा इतिहास दिसेल. पुढे दोन राज्यांचं युद्ध होणार असतं, सैनिक उपाशी, आणि गुपी गातो तर आकाशातून मिठाईची मडकी उतरतात, सैनिक हत्यारं टाकून खायला धावतात, युद्ध होतच नाही. एवढं साधं आणि एवढं खरं मी फार कमी ठिकाणी बघितलंय. फिल्म कृष्णधवल आहे, रंग येतो तो थेट शेवटी, 'ऑझ'च्या अगदी उलट, तिथे जादूच्या देशात शिरताना येतो आणि इथे सगळं निस्तरल्यावर.

सबटायटल लावून बघा पण आवाज बंगालीच ठेवा, डब केलेली नको. आवडली तर पुढचा भाग १९८० चा आहे, 'हीरक राजार देशे', त्यात जवळजवळ सगळी माणसं यमकात बोलतात, एकटा शाळामास्तर सोडून. तो का नाही बोलत ते राजाचा दरबार बघितलात की तुमच्या लक्षात येईल, आणि मुलगी तेव्हा आसपास असेल तर तिच्या कदाचित तुमच्या आधी.